वास येतोय ना?

"माफ करा हं साहेब, वास येतोय ना?" असं ड्रायव्हरने विचारलं तेव्हा मला त्या गाडीत बसून बराच वेळ झाला होता. नदीवरचा पूल मागे पडला होता, गोदामांची रांग सुरू झाली होती. मी मोबाइलमधून मान वर केली. आरशात त्याचे डोळे माझ्याकडेच बघत होते. ओशाळलेले, पाणावलेले, कडांना चिपडं साचलेले. "आधीच्या गिऱ्हाईकाने मागे उलटी केली," तो म्हणाला. "पुसलंय मी. साबण लावून पुसलंय. पण असला वास काय लगेच जातो?" मी खाली बघितलं. माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर सीटचं कापड ओलं होतं आणि शिवणीच्या खाचेत काहीतरी पिवळट, बुळबुळीत राहून गेलं होतं. मी सरकून दाराला चिकटलो, गुडघे जवळ घेतले, तोंडावर रुमाल धरला. "येतोय," मी म्हणालो. "भयंकर येतोय." तो बिचारा पुन्हा माफी मागू लागला. मी रुमालाआड श्वास घेतला, मग रुमाल बाजूला करून घेतला, मग खाली वाकून, अगदी त्या ओल्या डागावर नाक नेऊन घेतला. काही नव्हतं. उलटीचा नाही, साबणाचा नाही, गाडीचाही नाही. मला कसलाच वास येत नव्हता.

दुसऱ्या कुणाला तो वास आला नसता तर तो सुटलो म्हणून गप्प बसला असता. माझं तसं नाही. माझं पोटच नाकावर चालतं. घामाचा वास मारण्यासाठी बगलेत फवारायच्या आणि फासायच्या वस्तू आमची कंपनी बनवते. त्या वस्तूंचा खरोखर उपयोग होतो की नाही हे यंत्राला नीट कळत नाही, त्याला माणसाचंच नाक लागतं, आणि ते नाक मी आहे. रोजावर बोलावलेली माणसं उंच स्टुलांवर ओळीने बसतात. त्यांनी आठवडाभर बिनवासाच्या साबणाने आंघोळ केलेली असते, एका बगलेत आमचा माल लावलेला असतो, दुसरी कोरी असते. आम्ही परीक्षक एकामागून एक त्यांच्यापुढे जातो, ते हात वर करतात, आम्ही वाकतो, दोनदा हुंगतो आणि शून्य ते दहामधला एक आकडा देतो. शून्य म्हणजे वास नाही. दहा मी फार थोड्यांना दिलेत, पण त्यांची तोंडं मला अजून आठवतात. "आमच्या दादाला लोकांच्या काखेत डोकं घालायचा पगार मिळतो," असं माझी बहीण चारचौघांत सांगते आणि सगळे फिदीफिदी हसतात. हसोत बापडे. मी कांदा-लसूण खात नाही, कसलं अत्तर लावत नाही, सर्दी झालेल्या माणसाच्या घरात पाय ठेवत नाही. नाक जपायचं म्हणजे अख्खं आयुष्य नाकाच्या हवाली करायचं असतं. मी ते केलं, माझ्याबरोबर बायकोचंही केलं, आणि त्याबद्दल आजवर मला कुणी जाब विचारला नव्हता.

या परक्या शहरात मला बोलावलं होतं ते मुख्य कचेरीत. कंपनी दर काही वर्षांनी देशोदेशीची नाकं एका खोलीत जमवते, सगळ्यांचे आकडे एका मापात बसवून घेते आणि शेवटी परीक्षा घेते. पास झाला तर पुढची काही वर्षं खुर्ची पक्की. नापास झाला तर नाक घेऊन घरी बसायचं. राहायला दिलेली खोली शहराच्या एका टोकाला होती, प्रयोगशाळा दुसऱ्या टोकाला, म्हणून सकाळ-संध्याकाळ ॲपवरून गाडी मागवायची. आल्यापासून त्या गाड्यांनी मला नकोसं केलं होतं. ड्रायव्हर रोज वेगळा आणि प्रश्न रोज तेच. कुठले तुम्ही, आमचं शहर आवडलं का, पोरंबाळं किती, पगार किती पडतो हातात. त्यांच्या आणि माझ्या, दोघांच्याही तोंडची भाषा उसनी; तिच्यात धड शिवी देता येत नाही की धड गप्प बसवता येत नाही. एकाने गाडी चालवता चालवता मोबाइलवर आपल्या पोटातून काढलेल्या खड्यांचा फोटो दाखवला, बाटलीत घातलेले, तपकिरी, चकचकीत. "मोजा किती आहेत," तो अभिमानाने म्हणाला. एक जण अनवाणी गाडी चालवायचा. ब्रेकवर त्याचा अंगठा दिसायचा, नख जाड, पिवळं, बैलाच्या शिंगासारखं वळलेलं. एक प्रत्येक सिग्नलला दार किंचित उघडून खाकरून थुंकायचा आणि मग तोच हात पुढे करून निरोप घ्यायचा. एकाने उकडलेलं अंडं सोलून अर्धं मला देऊ केलं. "घ्या की, लाजता काय, सकाळपासून उपाशी दिसताय." त्याच्या बोटांचे ठसे त्या पांढऱ्यावर उमटले होते. मी ॲपमध्ये शोधून 'शांत प्रवास' नावाचा पर्याय निवडला. तो निवडला की ड्रायव्हर बोलत नाही. बोलत नाही, पण असतो. त्याची मान असते, मानेवरच्या वळ्या असतात, वळ्यांत साचलेला घाम असतो. मी डोळे मिटून बसायचो.

आता आठवतं तेव्हा वाटतं, डोळेच का मिटायचो? नाक का नाही धरलं कधी? पण तेव्हा हा प्रश्न मला पडला नव्हता. त्या सकाळी गाडीतून उतरलो आणि समोरच्या कचऱ्याच्या डब्यात डोकं घालून उभा राहिलो. येणारे-जाणारे बघत होते. डब्यात कुजकी फळं होती, कुणाचं तरी अर्धवट जेवण होतं, त्यावर माशा घोंगावत होत्या. घशाशी आलं, डोळ्यांत पाणी आलं, वास मात्र आला नाही. सर्दी नव्हती, ताप नव्हता. संध्याकाळी खोलीवर येऊन दिवसभर घातलेले मोजे नाकाशी धरले, बाथरूममधली जाळी काढून तिच्यातला केसांचा बोळा धरला. प्रत्येक वेळी पोट ढवळायचं आणि प्रत्येक वेळी नाक कोरं. मला रडू आलं. इतक्या घाणेरड्या जगात इतकी वर्षं ज्याच्या जिवावर ताठ मानेने वावरलो, ते नाक मला न सांगता निघून गेलं होतं.

बायकोला फोनवर सांगितलं नाही. तिला काय सांगणार? आमचं लग्न ज्या एका वाक्यावर चाललं होतं ते वाक्यच गेलं असतं. लग्न झालं तेव्हा ती केसांना तेल लावायची; मी म्हटलं, तू नाही गं, माझं नाक. तिने तेल सोडलं. मग तळण सोडलं. मग रात्री मोगऱ्याची फुलं उशाशी ठेवायची ती सोडली. पुढे तिचं वय झालं, रात्रीबेरात्री तिला दरदरून घाम फुटायला लागला, झोपेतून उठून ती पंख्याखाली बसायची, गाऊन पाठीला चिकटलेला, मानेवर केसांच्या ओल्या बटा. मी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचो आणि तिला ते कळायचं. एके रात्री मी म्हटलं, "तू नाही गं. माझं नाक." ती उशी आणि चादर घेऊन हॉलमध्ये गेली ती आजतागायत तिथेच झोपते. भांडण नाही, अबोला नाही. सकाळी चहा आणून देते, पेपर वाचून दाखवते, माझ्या बहिणीची नक्कल करून मला हसवते. लोक म्हणतात, काय छान जोडी आहे. मलाही तसंच वाटायचं. नाकाचा दोष नाकाच्या माथी, आमच्या दोघांत काही नाही.

प्रयोगशाळेत मी दिवस ढकलू लागलो. माझ्या आधी जी बाई हुंगायची तिला मी मनातल्या मनात बदक म्हणायचो, ती तशीच चालायची. वास तीव्र असला की बदकाच्या नाकपुड्या थरथरून लगेच मिटायच्या, सौम्य असला की सैल राहायच्या. मी तिच्या नाकपुड्यांकडे बघायचो आणि आकडा द्यायचो. जमत होतं. पण परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाला एकट्याने आत जायचं होतं, तिथे बदक नसणार. मला माणूस बघून वास ओळखायला शिकायला हवं होतं, आणि त्यासाठी कुणीतरी मला सांगायला हवं होतं की अमक्या माणसाचा वास असा, इतका. कुणाला विचारणार? सोबतच्या परीक्षकांना विचारलं असतं तर बिंग फुटलं असतं. मग मला गाड्या सुचल्या. मी 'शांत प्रवास' काढून टाकला आणि दार लावल्या लावल्या विचारू लागलो: "गाडीत वास कसला येतोय?"

आणि तिथेच फसलो. ते ऐकल्याबरोबर ड्रायव्हरांच्या तोंडचं पाणी पळायचं. गिऱ्हाईकाने वासाची तक्रार केली की ॲपवर त्यांचे तारे कमी होतात, तारे उतरले की गाडीला बोलावणं येत नाही. हे त्यांच्यातल्याच एकाने मला नंतर काकुळतीला येऊन सांगितलं. "वास? नाही साहेब. काहीच वास नाही. आजच धुतलीय." सगळ्यांचं एकच उत्तर. एकाने घाईघाईने कसला तरी डबा काढून माझ्या अंगावरच फवारला. एकाने भर रस्त्यात गाडी कडेला घेतली, खाली उतरून पायाखालच्या चटया झाडल्या, पुन्हा बसला आणि म्हणाला, "आता बघा." एका म्हाताऱ्याचा मात्र पारा चढला. "माझी गाडी मी तळहातावरच्या फोडासारखी जपतो. वास येत असेल तर तुमच्या नाकात असेल." असता तर किती बरं झालं असतं! मी त्याला पाच तारे दिले. त्याच्या मिशीत सकाळच्या खाण्याचा कण अडकला होता आणि तो बोलताना हलायचा. उतरेपर्यंत मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. वास होता आणि ते लपवत होते, की वास नव्हताच, हे मला कधीच कळलं नाही. साऱ्या शहरात ज्यांना विचारता येईल अशी तीच माणसं होती, आणि ती सगळी मला घाबरत होती.

परीक्षेच्या दिवशी स्टुलांवर माणसं बसली होती आणि मी एकटा होतो. पहिला होता एक अवाढव्य माणूस. अंगावर अस्वलासारखे केस, पोटाची घडी मांडीवर टेकलेली, खालचा ओठ ओला, गळ्यावर एक मस आणि त्यातून उगवलेला लांब केस. त्याने हात वर केला तेव्हा दंडाची कातडी लोंबली. मी वाकलो. पोटातलं सगळं वर आलं, कानशिलं गरम झाली, मला त्याच्यापासून मागे व्हायला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी आठ दिले. द्यावे लागले नाहीत, आपोआप तोंडून निघाले. त्याच्याशेजारी एक सडपातळ आजोबा होते, पांढराशुभ्र बनियन, भांग पाडलेला, नखं कापलेली. त्यांना एक दिला. अशीच सगळी ओळ संपवली. बाहेर आलो तेव्हा खात्री वाटत होती. मनात आलं, आलं की काय नाक परत?

प्रयोगशाळेची प्रमुख टाचणीसारखी बारीक बाई होती. तिने मला आपल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात बोलली. "तो मोठा माणूस तुम्हाला आठवतो ना? त्याला काही वास नव्हता. बाकी सगळ्यांनी त्याला शून्य दिलंय. आणि ते आजोबा, त्यांना तुम्ही एक दिलात. ते आले तेव्हा मला खिडकी उघडावी लागली होती." मी पाणी प्यायलो. "नाक जातं," ती म्हणाली, "आपल्या धंद्यात जातंच कधीतरी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण नाक गेलेली माणसं मी पाहिलीत. ती घाबरून सगळ्यांना शून्य देतात, फार तर दोन-तीन देतात. तुम्ही आठ दिलेत. आणि मी काचेतून बघत होते, तुम्ही खोटं करत नव्हता. तुम्हाला खरंच ओकारी येत होती." तिने रिकामा ग्लास उचलून बाजूला ठेवला. "ती कशाची, तेवढं मला कळलं नाही." ती उठून मला दारापर्यंत सोडायला आली, पाठीवर हात ठेवला. तो हात मला नकोसा झाला.

परतीच्या गाडीत ड्रायव्हर बाई होती. पन्नाशीची, केस घट्ट मागे बांधलेले, अंगावर जाड स्वेटर. मी काही विचारायच्या आधी तीच बोलली. "वास आला तर सांगा हं. खरं सांगा, मी रागावणार नाही." मी विचारलं, कसला वास? "माझ्या नवऱ्याचा," ती म्हणाली. नवरा अंथरुणाला खिळून दोन वर्षं झाली होती. त्याला ती उचलते, पुसते, कूस बदलते, पाठीला झालेल्या जखमा धुते, आणि मग कपडे बदलून गाडी काढते. "मला आता काही येत नाही, सवय झाली. पण वास अंगाला चिकटून येत असणार. लोक तोंडाने बोलत नाहीत. काच खाली करतात, नाहीतर उतरल्यावर तारे कापतात. कुणी खरं सांगितलं तर मी काहीतरी करीन ना? अजून एकदा आंघोळ करून निघीन." सिग्नल लागला. तिने अर्धवट वळून माझ्याकडे बघितलं, दोन सीटच्या मधल्या जागेवर हात टेकून. धुऊन धुऊन सोलवटलेला हात, नखांच्या कडा पांढऱ्या फटक, बोटांना चिरा. "तुम्ही सांगा. येतोय का? किती येतोय?" आयुष्यभर मला याच प्रश्नाचा पगार मिळत आला होता. मी त्या हाताकडे बघितलं आणि तो हात कुठे कुठे गेला असेल ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं, चादर, जखम, त्यातला पू. ती बघत होती. "कळलं," ती म्हणाली, आणि पुढे वळून चारही काचा खाली केल्या. बोचरा वारा आत घुसला.

"अहो, नाही," मी म्हणालो, "खरंच सांगतो. मला वासच येत नाही. माझं नाक गेलंय. आजच सिद्ध झालंय, पाहिजे तर विचारा तिथे." किती दिवसांनी मी खरं बोलत होतो, आणि तेही एका ड्रायव्हरपाशी. ती हसली. रागाने नाही, समजूत काढल्यासारखी. "मन राखायला बोलताय, चांगले आहात," ती म्हणाली. "पण तुम्ही सरकलात की." मी बघितलं तर मी खरोखरच सीटच्या पार टोकाला होतो, खांदा दाराला दाबलेला, गुडघे जवळ घेतलेले. केव्हा सरकलो ते मला ठाऊक नव्हतं. पुन्हा मध्ये येऊन बसायचं ठरवलं आणि बसलो नाही. गाडी थांबेपर्यंत ती वाऱ्यात डोळे बारीक करून चालवत राहिली आणि मी टोकाला बसून राहिलो. मला माझीच किळस आली, आणि गंमत अशी की तिच्याबद्दलची किळस त्याने तिळभरही कमी झाली नाही.

खोलीवर येऊन बूट न काढता पलंगावर बसलो आणि बायकोला व्हिडिओ कॉल लावला. ती हॉलमध्ये होती, चष्मा कपाळावर, मागे तिची गुंडाळून ठेवलेली गादी. "झाली का हो परीक्षा?" तिने विचारलं. मी सांगितलं, नापास झालो. नाक गेलं. कधी गेलं तेही सांगितलं, आणि इतके दिवस बोललो नाही तेही. तिने चष्मा खाली ओढून डोळ्यांवर घेतला. "म्हणजे कशाचाच वास येत नाही?"

"कशाचाच नाही."

"जेवणाचा? साबणाचा?"

"नाही गं. कशाचाच."

"अरे देवा," ती म्हणाली. मग म्हणाली, "जेवलात का?" मग म्हणाली, "होईल काहीतरी, दुसरं काम मिळेल, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका." मी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं जे मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं; तरुणपणी सिनेमाला जायचं का विचारताना यायचं तसं. तिने पदराने मान टिपली. "मग आता," ती म्हणाली, "मी आत झोपायला येत जाऊ का?"

"ये की," मी लगेच म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो, मला तिची दया आली होती, स्वतःची आली होती, आणि आता तर काही अडचण उरली नव्हती. पण म्हणता म्हणता मला तो पाठीला चिकटलेला गाऊन दिसला, मानेवरच्या ओल्या बटा दिसल्या, माझ्या उशीशेजारी तिची ओली उशी दिसली, आणि हातातला मोबाइल हलला. मोबाइलच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात मी स्वतःला बघितलं. मी पलंगाच्या कडेला, भिंतीला पाठ लावून बसलो होतो. रिकाम्या खोलीत, रिकाम्या पलंगावर, मी सरकलो होतो.

तिनेही ते बघितलं. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"राहू दे," ती म्हणाली. "मला इथेच बरं पडतं. वारा लागतो."